चाहत्यांची वर्गणी, खेळाडूंचे मानधन
अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील ‘कलेक्टिव्ह’ची ओळख

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांचे चाहते पूर्वी दोन कारणांसाठी खिशात हात घालत. एक, सामन्याचे तिकीट आणि दुसरे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला द्यायची देणगी. २०२१ पासून त्यात तिसऱ्या खर्चाची भर पडली. आपल्या संघातील खेळाडूंना जाहिरातीचे करार मिळावेत आणि त्या पैशासाठी त्यांनी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरू नये, म्हणून चाहते दरमहा वर्गणी भरू लागले. ही वर्गणी गोळा करून खेळाडूंशी करार करणाऱ्या संस्थांना ‘कलेक्टिव्ह’ असे म्हणतात. कागदोपत्री हा मोबदला जाहिरातीचा असला, तरी व्यवहारात तो बव्हंशी खेळण्याचाच असतो. या दोहोंतील अंतर हेच गेल्या काही वर्षांतील साऱ्या वादांचे मूळ आहे.

हौशीपणाचा दंडक

अमेरिकी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेची स्थापना १९०६ मध्ये झाली. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीपलीकडे त्याने मोबदला घेता कामा नये, हे या संघटनेचे दीर्घकाळ मूलतत्त्व होते. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोग १९५० च्या दशकात रूढ झाला. जायबंदी झालेले किंवा मैदानावर प्राण गमावलेले खेळाडू हे विद्यापीठाचे नोकर असल्याचे सांगत नुकसानभरपाईचे दावे दाखल होऊ लागले होते. त्यांना उत्तर म्हणून तो घडवला गेला. संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्याची कबुलीही दिली आहे.

दुसरीकडे खेळातील पैसा वाढतच होता. वार्षिक बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांसाठी सीबीएस आणि टर्नर या कंपन्यांनी २०१० मध्ये १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला. २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्ज डॉलर मोजून तो २०३२ पर्यंत वाढवण्यात आला. प्रशिक्षकांना कोट्यवधींचे वेतन मिळू लागले. खेळाडूंच्या वाट्याला मात्र शिष्यवृत्तीच राहिली.

उघडपणे जे देता येत नव्हते, ते अर्थातच चोरून दिले जाई. डेट्रॉइटमधील मोटार कारखान्यातील निवृत्त इलेक्ट्रिशियन आणि बेकायदा आकड्यांचा जुगार चालवणारे एड मार्टिन यांनी मिशिगन विद्यापीठाच्या चार खेळाडूंना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचे २००२ मध्ये उघड झाले. त्या चौघांत पुढे ‘एनबीए’ गाजवणारा क्रिस वेबर होता. विद्यापीठाने १९९२ आणि १९९३ मध्ये अंतिम फेरी गाठल्याच्या स्मृतीचे ध्वज आपल्या क्रीडागृहातून उतरवले. २०१७ मध्ये तर ‘एफबीआय’नेच या क्षेत्रात धाडी घातल्या. आदिदास या बूट कंपनीशी संबंधित मंडळींनी खेळाडूंच्या कुटुंबीयांना गुपचूप पैसे पुरवून विद्यापीठांची फसवणूक केल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि पुढील वर्षी तिघांना न्यायालयाने दोषी ठरवले. चारच वर्षांनी संघाचे पाठीराखे खेळाडूंसाठी उघडपणे निधी जमवू लागणार होते.

न्यायालयाची वाट

या बदलाची सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून झाली. १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूसीएलए) विजेतेपद मिळवून देणारा एड ओ’बॅनन याला आपल्यासारखाच एक खेळाडू एका गेममध्ये दिसला. ३१ हा क्रमांक, डावखुरा हात, तीच चण. नाव तेवढे नव्हते. परवानगी कोणी घेतली नव्हती, मोबदलाही दिला नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा गुदरला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. वरिष्ठ न्यायालयाने तो अंशतःच कायम ठेवला, परंतु हौशीपणाच्या दंडकाला पहिला मोठा तडा गेला.

त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा देणारा कायदा केला. अन्य राज्यांनीही त्याचे अनुकरण केले. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑल्स्टन’ खटल्यात एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो निकाल केवळ शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, तरी न्यायमूर्तींचा रोख स्पष्ट होता. अखेर १ जुलै २०२१ पासून एनसीएएने खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि ओळख यांचा व्यापारी वापर करू देण्यास मान्यता दिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून या हक्काला ‘एनआयएल’ म्हणतात.

वर्गणीचे गणित

या नियमाचा हेतू साधा होता. ज्या खेळाडूच्या नावाला बाजारात किंमत आहे, त्याला ती मिळावी. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क हे त्याचे ठळक उदाहरण. नायकी, गेटोरेड आणि विमा क्षेत्रातील स्टेट फार्म या कंपन्यांनी विद्यार्थिदशेतच तिच्याशी करार केले, कारण तिच्या नावावर माल खपत होता. परंतु अशी लोकप्रियता हजारांत एखाद्यालाच लाभते. संघातील आठव्या-नवव्या क्रमांकाच्या खेळाडूला कोणती कंपनी विचारणार? ही पोकळी चाहत्यांच्या संस्थांनी भरून काढली.

कलेक्टिव्हची रचना साधारणपणे अशी असते. विद्यापीठाचे काही माजी विद्यार्थी, व्यावसायिक किंवा माजी खेळाडू मिळून संस्था स्थापन करतात. कायद्याच्या दृष्टीने ती विद्यापीठापासून स्वतंत्र असते. सामान्य चाहत्यांसाठी दरमहा काही डॉलरचे सभासदत्व, बड्या देणगीदारांसाठी मोठ्या रकमेचे, असे तिचे टप्पे असतात. बदल्यात सभासदांना खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या, भेटीचे कार्यक्रम, खास मुलाखती किंवा टोप्या-सदरे मिळतात. जमलेल्या पैशातून संस्था खेळाडूशी करार करते आणि खेळाडू त्या कार्यक्रमांना हजेरी लावतो, समाजमाध्यमांवर चार ओळी लिहितो किंवा लहान मुलांच्या शिबिरात जातो.

बास्केटबॉलला ही पद्धत विशेष मानवली, त्यामागे कारण आहे. फुटबॉलच्या संघात शंभराच्या आसपास खेळाडू असत, बास्केटबॉलच्या संघात जेमतेम पंधरा. त्यात मैदानावर एका वेळी पाचच. एक उत्तम खेळाडू आला, तरी संघाचे नशीब पालटते. त्यामुळे थोड्या वर्गणीतही मोठा फरक पडल्याचे चाहत्याला डोळ्यांनी दिसते.

मायामीचा धडा

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला एक वर्ष खेळाविना काढावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदल करण्यापुरती ती अट उठवण्यात आली आणि २०२४ पासून कितीही वेळा संघ बदलण्याची मोकळीक मिळाली. पैसा आणि ही मोकळीक एकत्र आल्यावर दरवर्षी वसंत ऋतूत जणू खेळाडूंचा बाजारच भरू लागला.

एप्रिल २०२२ मध्ये कॅन्सस स्टेटचा निजेल पॅक मायामी विद्यापीठात आला. मायामीचे धनाढ्य समर्थक जॉन रुईझ यांनी आपल्या कंपनीतर्फे त्याला दोन वर्षांसाठी ८ लाख डॉलर आणि एक मोटारगाडी देत असल्याचे जाहीर केले. लगोलग त्याच संघातील आयझाया वाँग याच्या प्रतिनिधीने आपल्या खेळाडूचा मोबदला वाढवला नाही, तर तो संघ सोडेल, असा इशारा दिला. वाँग थांबला आणि २०२३ मध्ये त्या दोघांच्या संघाने अखेरच्या चार संघांत स्थान मिळवले. पैसा कारणी लागला, असेच कोणीही म्हटले असते. परंतु त्या यशानंतर घेतलेल्या खेळाडूंच्या पहिल्याच बैठकीनंतर आठ जणांनी अन्यत्र जाण्याचा पर्याय निवडला, असे प्रशिक्षक जिम लारान्यागा यांनी नंतर सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये हंगाम अर्ध्यावर असताना त्यांनी पद सोडले. पैशाने आलेला खेळाडू अधिक पैशासाठी जातो, ही गोष्ट यातून अधोरेखित झाली. वर्गणीदाराला एका हंगामाचे यश मिळते. पुढील हंगामासाठी त्याला पुन्हा वर्गणी भरावी लागते.

धर्मादाय की धंदा?

अनेक कलेक्टिव्हनी स्वतःची नोंदणी धर्मादाय संस्था म्हणून केली होती. खेळाडू एखाद्या अन्नछत्राचा किंवा रुग्णालयाचा प्रचार करील आणि त्याबद्दल त्याला मानधन मिळेल, असा हा मार्ग होता. देणगीदाराला त्यावर करसवलतही मिळे. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मतप्रदर्शनात अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने त्यावर बोट ठेवले. या संस्थांचा मुख्य लाभ समाजाला नव्हे तर खेळाडूंना होतो, त्यामुळे अशा अनेक संस्था करमाफीला पात्र ठरत नाहीत, असे त्यात म्हटले होते.

कराचा प्रश्न खेळाडूलाही चुकत नाही. त्याला सामान्यतः स्वतंत्र व्यावसायिक समजले जाते. त्यामुळे हाती पूर्ण रक्कम येते, कर मात्र पुढे स्वतः भरावा लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे वेळीच कोणी समजावले नाही, तर वर्षअखेरीस तो अडचणीत येतो. गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणसाहाय्यावरही या उत्पन्नाचा परिणाम होऊ शकतो.

परदेशी खेळाडूंची स्थिती आणखी अवघड आहे. महाराष्ट्रातून शिकायला जाणाऱ्या मुलांना परिचित असलेल्या ‘एफ-१’ या विद्यार्थी व्हिसावरच तेही अमेरिकेत राहतात आणि या व्हिसावर विद्यापीठाबाहेर काम करण्यास कडक निर्बंध आहेत. केंटकीचा ऑस्कर शिब्वे हा मूळचा काँगोचा खेळाडू २०२२ मध्ये देशातील सर्वोत्तम ठरला. त्याच वर्षी संघ बहामाच्या दौऱ्यावर गेला असताना, म्हणजे अमेरिकेच्या भूमीबाहेर, त्याने जाहिरातीची कामे उरकली. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनडाचा झॅक एडी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे सर्वोत्तम ठरूनही याच बंधनात अडकला होता.

२०२५ चा समझोता

एनसीएएने मे २०२२ मध्ये कलेक्टिव्हना खेळाडूंच्या भरतीत भाग घेण्यास मनाई केली होती. परंतु टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांनी दाखल केलेल्या दाव्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्या नियमांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. नियम करणाऱ्याचा हातच बांधला गेला.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्कन यांनीच ‘हाउस’ खटल्यातील समझोत्यास मंजुरी दिली. त्यानुसार माजी आणि विद्यमान खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई द्यायची आहे. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरवण्यात आली. बाहेरच्या व्यक्ती वा संस्थेशी केलेल्या ६०० डॉलरवरील प्रत्येक कराराची नोंदणी आणि छाननी बंधनकारक झाली. करारामागे खरा व्यापारी हेतू आहे काय आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे काय, हे ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ ही नवी यंत्रणा तपासते.

खरी कसोटी येथेच लागली. चाहत्यांकडून पैसे गोळा करून ते खेळाडूंना देणे हा व्यापारी हेतू ठरत नाही, अशी भूमिका कमिशनने प्रारंभी घेतली. म्हणजे कलेक्टिव्हचे दुकानच बंद झाले असते. वकिलांच्या आक्षेपानंतर जुलै २०२५ च्या अखेरीस ती मवाळ करण्यात आली. सर्वसामान्यांना खरोखरीच वस्तू वा सेवा विकणाऱ्या कलेक्टिव्हला अन्य व्यवसायांप्रमाणेच वागवले जाईल, असे ठरले. थोडक्यात, तिकीट लावून स्वाक्षऱ्यांचा कार्यक्रम घेतला तर चालेल. नुसती वर्गणी वाटणे चालणार नाही.

लहान विद्यापीठे आणि चाहता

मोठ्या विद्यापीठांत थेट देयकांचा सिंहाचा वाटा फुटबॉलकडे जातो. त्यामुळे मोठा फुटबॉल संघ नसलेली, बास्केटबॉललाच वाहिलेली विद्यापीठे काही प्रमाणात लाभात आहेत. पण ज्यांच्याकडे प्रक्षेपणाचे उत्पन्नच तुटपुंजे आहे, त्यांचा आधार अजूनही चाहतेच आहेत. न्यूयॉर्क राज्यातील सेंट बोनाव्हेंचर या लहानशा विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये आपलेच माजी विद्यार्थी आणि ‘ईएसपीएन’चे ख्यातनाम वार्ताहर एड्रियन वोजनारोव्स्की यांना बास्केटबॉल संघाचे महाव्यवस्थापक नेमले. खेळाडूंसाठी एनआयएलच्या संधी उभ्या करणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे. पूर्वी महाविद्यालयीन संघाला अशा पदाची गरजच भासत नसे.

चाहत्याच्या दृष्टीने पाहता, या वर्गणीतून त्याला मालकी मिळत नाही, निर्णयात मत मिळत नाही आणि खेळाडू पुढील वर्षी राहील याची हमीही नाही. वर्गणी भरण्यापूर्वी संस्थेचे हिशेब प्रसिद्ध होतात काय, जमा रकमेतील किती भाग प्रत्यक्ष खेळाडूपर्यंत पोहोचतो आणि आपली देणगी करमाफीस पात्र आहे काय, एवढे तरी त्याने विचारून घ्यावे.

खेळाडूंना मोबदला मिळू लागला, हे न्याय्यच झाले. ज्यांच्या घामावर अब्जावधींचे करार झाले, त्यांना त्यातील वाटा मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. मात्र हा मोबदला वेतन म्हणून द्यायला विद्यापीठे अद्याप राजी नाहीत, कारण वेतन म्हटले की नोकराचे हक्क आले, विमा आला आणि संघटनाही आली. तोवर खेळण्याच्या मोबदल्याला जाहिरातीचे नाव देण्याची प्रथा सुरू राहील आणि त्यातील काही भार चाहत्याच्या खिशावर पडत राहील.