शस्त्रांचे लिलाव आणि नकली माल

कोल्हापूर ते मिरज या लोहमार्गावर १८९१ साली गाड्या धावू लागल्या. पुढे त्याच मार्गाच्या काठी, शिरोळकडील काळ्याभोर रानात, शाहू छत्रपतींनी आपले जनक पिते कागलकर जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने एक पेठ वसविली. तीच जयसिंगपूर. सरळ आखलेले रस्ते आणि त्यांवरून तंबाखू व भुईमूग घेऊन येणाऱ्या गाड्या, असा या गावाचा जन्मच मुळी व्यापारासाठी झालेला. पुष्कळ गावे आधी वसतात आणि मग तेथे बाजार भरतो. येथे आधी बाजाराची कल्पना झाली आणि मागाहून गाव आले.

अशा पेठांतून पूर्वी सौद्याची एक मौजेची रीत होती. तिला हत्ता म्हणत. मालाचा ढीग सर्वांदेखत पडलेला असे. ज्याला वाटेल त्याने मूठभर उचलावे, चोळावे, हुंगावे. भाव मात्र रुमालाखाली ठरे. अडत्या आणि खरेदीदार यांचे हात रुमालाआड मिळत, बोटे दाबली जात, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचे काय झाले हे सर्वांत शेवटी कळे. पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड बोली सक्तीची केली आणि हा रुमाल बाजूला झाला. आजच्या मोबाईलवरील लिलावात नेमका याचा उलटा प्रकार घडतो. भाव साऱ्या जगास दिसतो, बोली क्षणोक्षणी चढताना दिसते. झाकलेला असतो तो माल. रुमाल गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली, असे म्हणण्यास हरकत नाही.

या नव्या रुमालाखाली नाना वस्तू विकल्या जातात. परंतु भामट्यास शस्त्रांइतकी सोयीची वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. शस्त्राची किंमत मोठी, पारख थोड्यांस, आणि ते बाळगण्याची हौस मात्र पुष्कळांस. त्यातून बंदुकीचा दोष असतो तो पोटात. नळीच्या आतील धातूत पोकळ्या राहिल्या असतील, सांधा कच्चा असेल, तर ते बाहेरून कोणासही दिसत नाही. दिसते ते बार उडविताना, आणि तेव्हा उडविणाऱ्याचा हात जागेवर राहतोच असे नाही.

म्हणूनच शस्त्रांच्या व्यापारात कसोटीची व्यवस्था फार लवकर निर्माण झाली. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या मंडळास १६३७ साली सनद मिळाली आणि नळ्या तपासून त्यांवर छाप मारण्याचा अधिकार त्या मंडळाकडे आला. बर्मिंगहॅमचे कसोटीघर १८१३ सालच्या कायद्याने स्थापन झाले. पद्धत सरळ होती. नळीत नेहमीपेक्षा बरीच अधिक दारू ठासून बार काढावयाचा. नळी टिकली तर तिच्यावर खूण उमटवावयाची, फुटली तर ती भंगारात. ही खूण म्हणजे न पाहिलेल्या मालाविषयी तिसऱ्या माणसाने दिलेली साक्ष होय. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये असा निःस्वार्थ तिसरा उभा असल्यावाचून शस्त्राचा व्यवहार सुरक्षित होत नाही, हे त्या काळच्या लोकांनी फुटक्या नळ्यांच्या किंमतीवर ओळखले होते.

मराठ्यांना हा तिसरा माणूस लाभला नाही. तोफांसाठी त्यांना पुष्कळ अंशी टोपीकरांवर अवलंबून राहावे लागले, आणि टोपीकर हे केवळ व्यापारी नव्हते. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीस दारूगोळा घेऊन गेले, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर छापा घालून त्यांची वखार खणून काढली. जो आज शत्रूस गोळे पुरवितो तोच उद्या आपणांस तोफ विकावयास येतो, तेव्हा ती तोफ कोणत्या प्रतीची असणार? जुन्या, झिजलेल्या तोफा मराठ्यांच्या गळ्यात मारल्या जात, अशी नोंद मराठ्यांच्या लष्कराचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनी केली आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावधपणाचा इशारा दिला, त्यामागे हा सारा अनुभव होता. टोपीकर म्हणजे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, हे त्यांचे निदान अचूक होते.

फसवणूक एकाच दिशेने होत होती असे मात्र नव्हे. युरोपातून आलेल्या पात्यांच्या तलवारी आपल्याकडे ‘फिरंग’ या नावाने मिरवू लागल्या आणि विलायती पात्यास प्रतिष्ठा आली. प्रतिष्ठा आली की नक्कल आलीच. जिनोव्हाच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरीसारखी खूण देशी लोहारांनीही आपल्या पात्यांवर उमटविली. यांतील कित्येक पाती उत्तम आहेत. खोटी आहे ती फक्त खूण. पारख्यास हा भेद नीट ध्यानी ठेवावा लागतो.

नकलेचा याहून गमतीचा प्रकार वायव्य सरहद्दीचा. दर्रा आदमखेल येथील कारागीर हातांनी इंग्रजी बंदुकांची हुबेहूब प्रतिकृती घडवीत आले आहेत. त्यांचे हात तरबेज. परंतु इंग्रजी अक्षरे त्यांना चित्रासारखी. त्यामुळे ‘एन्फील्ड’ हे नाव चुकीचे कोरले जाते, एखादे अक्षर उलटे पडते. सर्वांत प्रसिद्ध खूण तारखेची. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत निवर्तली. पण तिच्या नावाची आद्याक्षरे आणि मुकुट असलेल्या बंदुकीवर त्यानंतरचे साल आढळते! २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी काबूलच्या बाजारात असा माल आठवण म्हणून हौसेने विकत घेतला, आणि त्यातील बराचसा आता लिलावांच्या यादीत ‘राणीच्या अमदानीतील अस्सल बंदूक’ म्हणून झळकतो.

दक्षिण महाराष्ट्रात खरी जुनी बंदूक दुर्मिळ का, याचेही कारण इतिहासात आहे. १८५७ सालच्या उठावात सरकारने निःशस्त्रीकरणाचा कायदा केला. जयसिंगपूरपासून फार दूर नसलेल्या मुधोळ संस्थानात हलगलीच्या बेडरांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात या कायद्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्यांचे बंड निर्दयपणे चिरडले गेले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची बेडी कायम केली. घरोघरच्या ठासणीच्या व तोड्याच्या बंदुका अशा रीतीने सरकारजमा झाल्या, मोडल्या गेल्या. तेव्हा ‘आमच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेली सरदारी बंदूक’ अशी जाहिरात आठवड्यात चार ठिकाणी दिसू लागली, म्हणजे वाड्यांपेक्षा बंदुका अधिक झाल्या आहेत हे उघड होते.

इंटरनेटवरील लिलावांचा आरंभ विसाव्या शतकाच्या अखेरचा. ईबे या अमेरिकन कंपनीने १९९९ साली आपल्या पेठेत बंदुकांची विक्री बंद केली, आणि त्याच वर्षी केवळ शस्त्रांसाठी गनब्रोकर ही निराळी पेठ उभी राहिली. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यान्वये परराज्यातून घेतलेली बंदूक थेट घरी येत नाही. ती परवानाधारक दुकानदाराकडे जाते व तेथे तपासणी होऊन गिऱ्हाइकाच्या हाती पडते. येथे तो जुना तिसरा माणूस पुन्हा भेटतो. म्हणून भामट्याची पहिली धडपड त्यालाच दूर सारण्याची असते. ‘दुकानदाराची भानगड कशाला, थेट घरपोच पाठवितो’ असे म्हणणारा विक्रेता तेथेच उघडा पडतो.

त्याची बाकीची लक्षणेही ओळखीचीच. छायाचित्र सुरेख असते, कारण ते एखाद्या जुन्या लिलावाच्या यादीतून उचललेले असते. तेच चित्र शोधयंत्रात टाकले की दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच मालकाच्या नावे सापडते. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. खाते कालपरवा उघडलेले. किंवा, आणि हे अधिक घातक, एखाद्या जुन्या सचोटीच्या विक्रेत्याचे चोरलेले, म्हणजे त्याची वर्षांची पुण्याई भामट्याच्या पदरी पडते. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी वस्तूशेजारी ठेवून नवे छायाचित्र पाठवा, असे सुचविले की सबबी सुरू होतात. पैसे पेठेबाहेर, परस्पर मागितले जातात. फार आग्रह धरला तर ‘मध्यस्थ’ म्हणून स्वतःचेच बनावट संकेतस्थळ पुढे केले जाते. एकदा रक्कम गेली की मग विमा, जकात, परवाना अशी नवी मागणी एकामागून एक येत राहते.

हिंदुस्थानात या खेळास आणखी एक भेसूर अंग आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक विकण्यास परवाना लागतो आणि घेण्यासही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात. तेव्हा जयसिंगपुरातील एखाद्या तरुणास मोबाईलवर कोणी पिस्तूल देऊ करतो, त्या वेळी तो व्यवहार पहिल्या शब्दापासूनच गुन्हा असतो. आगाऊ रक्कम घेऊन विक्रेता नाहीसा झाला तर हा तरुण कोणत्या तोंडाने ठाण्यावर जाणार? त्याच्या या मौनावरच भामट्याचा सारा धंदा उभा आहे. काही वेळा तर तोच भामटा चार दिवसांनी पोलिसाचा आवाज काढून बोलतो आणि प्रकरण मिटविण्यासाठी पुन्हा पैसे मागतो.

पुराणवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या शस्त्रांची गोष्ट निराळी. जी उडविता येत नाही आणि दुरुस्तही होऊ शकत नाही अशा जुन्या बंदुकीस शस्त्र कायद्यात सूट आहे. पण १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी इसमास देशाबाहेर पाठवू देत नाही. तेव्हा ‘तीनशे वर्षांपूर्वीची मराठा बंदूक, भारतातून घरपोच’ ही जाहिरात परदेशातील मराठी कुटुंबाच्या दृष्टीस पडली, तर विचार करण्यास फारसे उरत नाही. वस्तू खरी असेल तर पाठविणे हा गुन्हा, आणि खोटी असेल तर विकणे ही फसवणूक.

खऱ्या वस्तूचा व्यवहार कसा असतो याचे उदाहरण ताजे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथे सदबीच्या लिलावात निघाली. पाते युरोपीय, फिरंग जातीचे; त्यावर सोन्याने देवनागरी अक्षरे, त्यांत रघूजींचे नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखे साताऱ्यास उसनी आली होती. साताऱ्याचा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्याकडून ती त्याच्या वंशजांकडे गेली व तेथून संग्रहालयात. पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. परंतु अफजलखानाच्या वधात वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. मोबाईलवर जुने शस्त्र विकणाऱ्याने असे एखादे वाक्य आपल्या जाहिरातीत लिहिल्याचे मात्र सहसा आढळत नाही.