चार औषधांना पुरून उरलेला जिवाणू
आमांशाच्या ज्या जिवाणूला आपण शिगेला म्हणतो, तो १८९७ मध्ये कियोशी शिगा यांनी जपानमध्येच शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच जपानमध्ये आमांशाच्या साथी उसळल्या. सुरुवातीला सल्फा औषधांनी काम भागलं. पुढे ती निकामी ठरू लागली, तेव्हा नवी प्रतिजैविकं हाताशी आली. मग १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णाच्या शौचात असा शिगेला सापडला, की सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना तो दाद देईना.

एखाद्या जिवाणूत अपघाताने बदल होऊन तो एका औषधातून तगला, हे समजू शकतं. चार वेगळे बदल एकाच पेशीत जुळून येणं मात्र जवळपास अशक्य. रुग्णांमध्ये तर याहून चमत्कारिक प्रकार दिसत होता. औषध एकच दिलेलं असायचं आणि जिवाणू अनेक औषधांना निर्ढावलेले निघायचे. शिवाय अशा रुग्णांच्या आतड्यातला ई. कोलाय हा एरवीचा निरुपद्रवी रहिवासीही बहुधा त्याच औषधांना जुमानत नसे.

या शेवटच्या गोष्टीकडे तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचिआई यांनी बारकाईनं पाहिलं, हे मला या साऱ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. १९५९ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की निर्ढावलेला ई. कोलाय आणि औषधाला बळी पडणारा शिगेला एकत्र वाढवले, तर शिगेलाही निर्ढावतो. जात वेगळी असली तरी गुण जातो, आणि चारही औषधांविरुद्धचा गुण एकगठ्ठा जातो. जिवाणू जिवाणूंमधल्या जनुकांची अशी देवघेव जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी अमेरिकेत १९४६ मध्येच ओळखली होती. मुख्य गुणसूत्राबाहेर राहणाऱ्या आनुवंशिक घटकांना ‘प्लाझमिड’ हे नावही लेडरबर्ग यांनीच १९५२ मध्ये दिलं. चारही औषधांविरुद्धचा गुण अशाच प्लाझमिडवरून एका जिवाणूतून दुसऱ्यात जात होता. जपानमधल्या रुग्णांनी त्या देवघेवीची किंमत दाखवली.

प्लाझमिड म्हणजे डीएनएचं बहुधा गोल, छोटं कडं. त्यातल्या काहींवर स्वतःच्या प्रवासाची तयारी करणारी जनुकंही असतात. पेशी केसासारखा तंतू बाहेर काढून शेजारणीला गाठते, दोघींचा स्पर्श होतो, कड्याचा एक धागा तुटून पलीकडे सरकतो आणि दोन्हीकडे त्याचा जोडीदार धागा नव्यानं तयार होतो. विरजण शेजारी दिलं म्हणून घरचं दही संपत नाही, तसं देणारीचं काही कमी होत नाही. म्हणूनच हा प्रसार इतका वेगवान असतो. त्यात प्रतिजैविक पोटात गेलं, की ज्यांना प्लाझमिड मिळालेलं नाही त्या पेशी मरतात आणि मिळालेल्यांना मोकळं रान सापडतं.

पण गुण वाहून नेणारी ही प्लाझमिडं औषधांनी निर्माण केली का? या प्रश्नाचं उत्तर नाओमी दत्ता आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी १९८३ मध्ये दिलं. ई. जी. डी. मरे यांनी १९१७ ते १९५४ या काळात जमवलेले जिवाणू त्यांनी तपासले. त्यातले बहुतेक प्रतिजैविकं सर्रास वापरात येण्याआधीचे. स्वतःहून पसरू शकणारी प्लाझमिडं त्यांच्यात भरपूर होती आणि ती आजच्या प्लाझमिडांच्याच गटांतली होती. औषधांना तोंड देणारी जनुकं मात्र त्यांच्यावर जवळपास नव्हतीच. ती नंतर, अवघ्या काही दशकांत त्यांच्यावर चढली.