दोन आकड्यांचा पत्ता

एखाद्या जागेचा पत्ता अक्षांश-रेखांशाच्या दोन आकड्यांत सांगता येतो, हे आता शाळेतले मूलही जाणते. फोनवर ते आकडे दिसतात आणि मैलाच्या दगडासारखे ते जमिनीत कायमचे रोवलेले आहेत, अशी आपली समजूत होते. ती खरी नाही. पृथ्वीचा आकार अमुक एक मानून, तो अमुक ठिकाणी बसवून, मग हे आकडे काढलेले असतात. हा आधार बदलला की जागा तिथेच राहते, आकडे मात्र बदलतात. एका आधारावरचे आकडे दुसऱ्यावर नेणे हे मोठे जोखमीचे काम आहे, आणि त्याच्या इतिहासात आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना रस वाटावा असे पुष्कळ आहे.

आपल्याकडे आरंभ झाला तो १८०२ साली, मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे. विल्यम लॅम्बटनने शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक रेषा मोजली. त्यास सत्तावन्न दिवस लागले. त्या रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत मोजणी उत्तरेस सरकत गेली. कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे. लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटास वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवले आणि १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे आपले आकडे प्रसिद्ध केले. मध्य भारतात सिरोंजजवळचे कल्याणपूर हे आरंभस्थान ठरले. हिंदुस्थानचे नकाशे या पायावर उभे राहिले.

साखळी ओढणारे, निशाण धरणारे, रान तोडणारे यांची नावे कोण लिहून ठेवतो! गणित करणाऱ्यांपैकी राधानाथ सिकदार यांचे नाव मात्र उरले. जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या हिशेबाशी ते जोडले जाते, ते सर्वांना ठाऊक असते. आम्हांस त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. १८४३ साली व्हॅन्सिटार्ट नावाचा मॅजिस्ट्रेट मोजणी खात्याच्या मजुरांना बेकायदा राबवून घेत होता. सिकदारांनी त्याला उघड विरोध केला, आणि दंड झाला तो त्यांनाच, दोनशे रुपये!

एव्हरेस्टचा आकार आपल्या भूमीला बऱ्यापैकी बसला. साऱ्या पृथ्वीला तो बसणारा नव्हता. उपग्रह फिरू लागल्यावर सर्व जगासाठी एकच आधार हवा झाला. आज फोन ज्यावर चालतो तो आधार १९८४ सालचा आहे. त्यातली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टच्या त्रिज्येहून सुमारे ८६० मीटरांनी मोठी आहे, आणि केंद्रही कित्येकशे मीटर सरकलेले आहे. त्यामुळे मुंबईच्या आसपास जुने आकडे जसेच्या तसे नव्या नकाशावर ठेवले, तर बिंदू सुमारे शंभर मीटर बाजूला पडतो. शंभर मीटर म्हणजे एक चाळ, मधला रस्ता आणि पलीकडची दुसरी चाळ.

हा फरक काढण्यास पूर्वी कारकुनांना कोष्टके घेऊन बसावे लागे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील जेराल्ड एव्हेंडेन यांनी १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत संगणकासाठी ‘प्रोज’ नावाचा प्रोग्रॅम रचला. १९९० साली त्याची पुस्तिका निघाली. त्याचे मूळ काम गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याचे. पुढे फ्रँक वॉर्मरडॅम व इतरांनी तो वाढवला, आणि त्याच्या जोडीला एका आधारावरून दुसऱ्यावर नेणारा ‘सीएस-टू-सीएस’ आला. यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची : ४१४६ मधून ४३२६ मध्ये. पहिला क्रमांक कल्याणपूरच्या १९७५ च्या आधाराचा, दुसरा फोनच्या आधाराचा. हे क्रमांक युरोपातल्या पेट्रोलियम सर्वेक्षकांच्या नोंदवहीतले. (तेलवाल्यांना हद्दीची काळजी आपल्याहून अधिक, हे ओघानेच आले.) मग आकडे द्यायचे. आत त्यांचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे तीन अंतरांत रूपांतर होते, केंद्र सरकवले जाते, आणि नव्या आकारावरचे अक्षांश-रेखांश परत मिळतात. हे सारे फुकट, कोणासही.

मात्र सावध राहावे लागते. केंद्र किती सरकवायचे हे सांगितलेले नसले, तर जुन्या आवृत्त्या ती पायरी गाळीत आणि चकार शब्द न काढता उत्तर देत. आधी अक्षांश की आधी रेखांश, हाही घोटाळा आहेच. नोंदवहीत ४३२६ साठी अक्षांश आधी, आणि २०१९ पासून ‘प्रोज’ तोच क्रम पाळतो. उलटसुलट झाले की मुंबई नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाते!

दगडखाणीतल्या कामगारांच्या एका वस्तीचे प्रकरण आमच्या युनियनकडे आले होते. जुन्या नकाशावरून उचललेले हद्दीचे आकडे एका कचेरीने तसेच फोनच्या नकाशावर चढवले होते, आणि रांगेतल्या झोपड्या हद्दीच्या आत दिसत होत्या. युनियनच्या एका तरुण कार्यकर्त्याने आमच्यासमोर ती एक ओळ टंकली. रेषा सरकली आणि झोपड्या बाहेर आल्या. आम्ही अर्ज केला, त्यात मागणी एकच : प्रत्येक आकड्यासमोर त्याचा आधार लिहावा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या नकाशांसाठी नवा आधार ठरवला आहे, पण कचेऱ्यांच्या कपाटांतले जुने नकाशे काही आपण होऊन बदलत नाहीत. दुसऱ्या सुनावणीला जो कागद आला, त्यावर रेषेखाली बारीक अक्षरांत लिहिले होते : कल्याणपूर, १९७५.