प्रभात फिल्म कंपनी : एका संस्थेचा उदय आणि अस्त

एखादा राजा निवर्तला म्हणजे बखरकार त्याची तिथि लिहून ठेवतो. संस्था निवर्तली म्हणजे तिची तिथि सांगणें मात्र कठीण जातें. दरवाजाला कुलूप पडलें तो दिवस दप्तरांत सांपडतो, पण त्याच्या पुष्कळ आधीं कधीं तरी तिचा प्राण गेलेला असतो. आज मी ज्या संस्थेविषयीं बोलणार आहें, त्या प्रभात फिल्म कंपनीचा जन्म १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत झाला आणि १९५३ सालीं पुण्यांत ती बंद पडली. मधलीं वर्षें अवघीं चोवीस. एवढ्या अवधींत तिनें जें मिळविलें तें पुष्कळांना ठाऊक आहे. तिचा प्राण केव्हां गेला आणि कशानें गेला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. ‘प्रभात’चे बोलपट मीं पाहिले ते तिच्या भरभराटीच्या काळांत नव्हेत; माझा जन्मच कंपनी मिटल्यानंतरचा. जुने बोलपट सोलापुरांत पुन्हां लागत तेव्हां ते पाहिले, आणि पुढें दूरदर्शनवर पाहिले. तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर उभी राहिली कीं आजही मन प्रसन्न होतें, आणि मागोमाग हळहळही वाटते. हा पक्षपात मीं आधींच सांगून टाकलेला बरा. परंतु ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या मरणाचें खरें कारण शोधणें हेंही प्रेमाचेंच काम आहे.

‘प्रभात’चें मूळ बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत आहे. १९२० सालचा ‘सैरंध्री’ आणि कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा सांगणारा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हे त्या कोल्हापुरी कंपनीचे नांवाजलेले मूकपट. बाबूराव मूळचे चित्रकार. कॅमेरासुद्धां त्यांनीं येथेंच घडविला, आणि त्या कामीं विष्णुपंत दामले यांचा हात होता. अशा गुरूच्या हाताखालीं दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे तयार झाले. १९२९ सालीं हे चौघे बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांनीं भांडवल उभें केलें, आणि पांच भागीदारांची ‘प्रभात’ उभी राहिली.

या पांचांची विभागणी पाहण्याजोगी आहे. शांतारामबापू दिग्दर्शक, धायबर छायालेखनांत वाकबगार, फत्तेलाल रंग, नेपथ्य आणि वेषभूषा यांचे जाणकार, दामले यंत्रांचे आणि पुढें ध्वनिलेखनाचे जाणकार, आणि सीतारामपंत पैशाची बाजू सांभाळणारे. एकाला जें येत नव्हतें तें दुसऱ्याला येत होतें. पांचामुखीं परमेश्वर ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरली.

पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’ १९२९ सालींच निघाला. शिवचरित्रावरील मूकपटास ‘स्वराज्याचें तोरण’ हें नांव दिलें होतें. परकीय सरकारास ‘स्वराज्य’ हा शब्द सोसवेना. अखेर १९३० सालीं तो ‘उदयकाल’ या नांवानें दाखवावा लागला. पुढें १९३५ सालीं बालगंधर्वांनीं एकनाथांची भूमिका केलेला ‘महात्मा’ असाच ‘धर्मात्मा’ झाला. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. प्रतिष्ठित घरांतील सुशिक्षित स्त्रीनें पडद्यावर यावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

१९३३ सालीं कंपनी पुण्यास आली. त्याच वर्षीं तिनें ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचें साहस केलें. फिती जर्मनीस नेऊन त्यांवर रंगसंस्कार करविले. परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत आणि खर्च अंगावर आला. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. एवढी ठोकर बसूनही भागीदार फुटले नाहींत. पुढच्याच वर्षीं, १९३४ सालीं, ‘अमृतमंथन’ पुढें आला, आणि त्यांतील राजगुरूचा पडदाभर मोठा दिसणारा डोळा पाहून प्रेक्षक थरारून गेले. अपयश पांचांनीं वांटून घेतलें होतें, म्हणूनच पुढचें यशही पांचांचें झालें.

त्या वेळची चित्रपटसंस्था म्हणजे एक कारखानाच असे. नट, गायक, सुतार, रंगारी, शिंपी सारे मासिक पगारावर. संगीत केशवराव भोळे किंवा मास्तर कृष्णराव यांचें. गीतें शांताराम आठवले यांचीं. बोलपट पुष्कळदां मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकदमच तयार होई. या व्यवस्थेंत शिस्त होती, आणि शिस्तीचा जाचही होता. १९३९ सालीं शांता आपटे यांनीं कंपनीच्या दारांत उपोषण केलें, हें विसरून ‘प्रभात’चें नुसतें गुणगान करणें म्हणजे इतिहास नव्हे.

आतां ‘संत तुकाराम’. डिसेंबर १९३६ मध्यें तो मुंबईस लागला आणि एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत जगांतील निवडक उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. एक ब्राह्मण, एक मुसलमान, आणि विषय देहूचा वाणी. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा तर अविस्मरणीय आहेतच, परंतु मला त्याहून थोर वाटते ती गौरी या नटीची जिजाई. घरांत दाणा नाहीं, मूल आजारी, आणि नवरा देवापुढें बसलेला. तेव्हां ती पायांतली वहाण हातांत घेऊन थेट देवळांत विठोबाला जाब विचारावयास जाते. देवावर रागावणारी ही बाई प्रेक्षकांना पाखंडी वाटली नाहीं, आपल्याच घरांतली वाटली. आणखी एक नवल सांगतों. या बोलपटासाठीं आठवल्यांनीं रचलेला एक अभंग इतका साधला कीं पुष्कळांना तो प्रत्यक्ष तुकोबांचाच वाटला.

एकीकडे असे संतपट, तर दुसरीकडे शांतारामबापूंचे सामाजिक बोलपट. १९३७ सालचा ‘कुंकू’ हा ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला. म्हाताऱ्याशीं फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीनें तें लग्न मनानें नाकारावें, हा त्याचा विषय. १९३९ सालच्या ‘माणूस’मध्यें एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या. १९४१ सालच्या ‘शेजारी’मध्यें एक हिंदु आणि एक मुसलमान असे दोन जिवलग मित्र, ते धरणाच्या पाण्यांत एकत्रच प्राण सोडतात. हिंदी आवृत्तींत तर मुसलमान मित्राचें काम गजानन जागीरदारांनीं आणि हिंदु मित्राचें काम मझहर खान यांनीं केलें. देशाच्या फाळणीची मागणी नुकतीच पुढें आलेली असतांना हा बोलपट निघाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

आणि येथूनच उतार लागला. केशवराव धायबर आधींच, १९३७ च्या सुमारास, बाहेर पडले होते. १९४२ सालीं शांतारामबापूंनींही कंपनी सोडली आणि मुंबईस राजकमल कलामंदिर काढलें. या फाटाफुटीच्या खासगी कारणांची चर्चा आजही चवीनें केली जाते. मला तींत गोडी नाहीं. बापू गेले आणि ‘प्रभात’ संपली, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तें पुरतें खरें नाहीं. १९४४ सालीं, बापू नसतांना, जागीरदारांचा ‘रामशास्त्री’ निघाला. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना कंपनींत तेव्हांही जीव होता हें सांगावें लागणार नाहीं.

मग घात कशानें झाला? कांहीं कारणें बाहेरचीं होतीं. महायुद्धामुळें कच्च्या फितीची टंचाई झाली. सरकारनें परवाने लावले आणि बोलपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. युद्धांत काळ्या बाजारानें ज्यांचे हात ओले झाले होते, ते पैसेवाले या धंद्यांत उतरले आणि नांवाजलेल्या नटनटींना एकेका बोलपटासाठीं गठ्ठ्यानें पैसे देऊं लागले. मासिक पगारावरच्या कारखान्यास त्यांच्याशीं स्पर्धा करणें शक्य नव्हतें. कलकत्त्याचें न्यू थिएटर्स आणि मुंबईचें बॉम्बे टॉकीज या तोलामोलाच्या संस्थाही १९५० नंतरच्या पांचसहा वर्षांत याच वाटेनें गेल्या. तेव्हां एकट्या ‘प्रभात’चें नशीब फुटकें होतें असें नाहीं.

परंतु वादळ सर्वांनाच लागतें. घर आंतून खिळखिळें झालेलें असलें म्हणजे तें आधीं पडतें. जुलै १९४५ मध्यें दामले वारले. यंत्रांचा आणि माणसांचा मेळ घालणारा तो हात गेला. १९४६ सालच्या ‘हम एक हैं’ मधून देव आनंद प्रथम पडद्यावर आले; गुरुदत्त यांनींही आपली उमेदवारी येथेंच केली. म्हणजे पुढच्या काळाचे दोन मानकरी याच अंगणांत वाढत होते, पण त्यांना ठेवून घेण्याची ताकद आतां घरांत उरली नव्हती. मला विचाराल तर ‘प्रभात’चा प्राण १९५३ सालीं गेला नाहीं, आणि केवळ १९४२ सालींही गेला नाहीं. एकाचें अपयश दुसऱ्याला आपलें वाटेनासें झालें, तेव्हां तो गेला. १९३३ च्या ‘सैरंध्री’ची ठोकर पचविणारे पांच जण पुढें एकत्र उरले नाहींत, एवढेंच याचें सार.

आम्हां सोलापूरकरांना मोठी संस्था मिटण्याचें दुःख परकें नाहीं. १८७७ सालीं निघालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर या गांवाचीं घड्याळें चालत. आज तो भोंगा नाहीं आणि ती गिरणीही नाहीं. तरी ‘प्रभात’विषयीं सोलापूरकराला आणखी एक चुटपुट आहे. आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथेंच ९ डिसेंबर १९४२ रोजीं वारले. म्हणजे शांतारामबापू ‘प्रभात’मधून निघाले त्याच वर्षीं. १९४६ सालीं बापूंनीं त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि डॉक्टरांची भूमिका स्वतः केली. १९४७ सालीं ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. रामजोशी आपल्याच सोलापूरचे. आणि दिग्दर्शनास कोण, तर या सर्वांचे गुरु बाबूराव पेंटर! सोलापूरचे दोन सुपुत्र लागोपाठ पडद्यावर आले, गुरुशिष्य पुन्हां एकत्र आले, परंतु आरंभीं ‘राजकमल’चें चिन्ह होतें, तुतारीवाली स्त्री नव्हती. माणसें कर्तबगार होतीं तशींच राहिलीं. त्यांना एकत्र बांधणारें घर तेवढें गेलें. ज्याचा शोक करावयाचा तो त्या घराचा.

घराची वास्तु मात्र सुदैवी ठरली. १९६० सालीं भारत सरकारनें त्याच जागेंत चित्रपटकलेची शिक्षणसंस्था काढली. ऋत्विक घटकांनीं तेथें शिकविलें. अदूर गोपालकृष्णन्, शबाना आझमी यांसारखे विद्यार्थी तेथें शिकले. ‘प्रभात’चें चित्रीकरणगृह आजही तेथें उभें आहे, आणि पुण्यांतील प्रभात रस्ता तिचें नांव सांगतो. परंतु ८ जानेवारी २००३ रोजीं त्या आवारांतील कोठारास आग लागली आणि जुन्या ज्वालाग्राही फिती जळाल्या, त्यांत ‘प्रभात’च्याही होत्या. कांहीं बोलपटांच्या प्रती उरल्या आहेत म्हणूनच आज आपण ते पाहूं शकतों. संस्था एकदां मरते. तिची कृति जपली नाहीं तर ती दुसऱ्यांदा मरते, आणि त्या दुसऱ्या मरणाचा दोष भागीदारांवर टाकतां येत नाहीं. तो आपल्यावर येतो.

म्हणून माझी एवढीच विनंति आहे. घरांतील मुलांना एखाद्या सुटीच्या दिवशीं ‘संत तुकाराम’ किंवा ‘शेजारी’ दाखवावा. आणि आरंभीं नांवें येतात तीं घाईनें पुढें न ढकलतां वाचून दाखवावींत. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम, सीतारामपंत: हीं पांच नांवें ज्या मुलाच्या कानांवर पडतील, त्याला एकत्र काम करणें म्हणजे काय हें शिकविण्यासाठीं वेगळा धडा लागणार नाहीं.