पिळलेला कान : यानुश कोर्चाक आणि उन्हाळी वसाहत

यानुश कोर्चाक हे नाव आपल्याकडे साहित्याच्या वर्गात येते ते बहुधा रवीन्द्रनाथांचे बोट धरून. 'डाकघर' शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या घेट्टोतील एका अनाथालयातल्या मुलांनी हे नाटक केले होते. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच त्या सुमारे दोनशे मुलांची ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे रवानगी झाली. त्यांचे डॉक्टर, म्हणजे कोर्चाक, आणि सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का मुलांना सोडून राहिले नाहीत, त्यांच्याबरोबरच गेले. वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. मग तास संपतो.

ही हकीकत खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. तरीही गेली काही वर्षे आम्हांला एक गोष्ट खटकत आली आहे. या मृत्यूने त्या माणसाचे चौसष्ट वर्षांच्या आसपासचे आयुष्य जणू झाकून टाकले आहे. हुताम्याची गोष्ट आपण शेवटाकडून वाचतो. त्यामुळे तो पहिल्यापासूनच तसा होता असे वाटू लागते. मुलांवर प्रेम होते म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला, इतक्यावर आपण समाधान मानतो. कोर्चाकांनी स्वतः मात्र हे समाधान फार पूर्वीच नाकारले होते. केवळ प्रेमाच्या भरवशावर मुलाला मोठ्या माणसाच्या हाती सोपवता येत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा. तो त्यांना कोणत्या ग्रंथात सापडला नाही. एका उन्हाळी वसाहतीत, नवखे पर्यवेक्षक म्हणून काम करताना, एका मुलाचा कान पिळल्यावर सापडला. त्या कानाचा इतिहास येथे मांडण्याचा विचार आहे.

उन्हाळी वसाहत ही संस्था मूळची झुरिकची. वाल्टर बियोन या पाद्र्याने १८७६ साली शहरातील ६८ गरीब मुले आपेंत्सेलच्या डोंगराळ भागात सुट्टीसाठी नेली. दाटीवाटीच्या चाळींत, धुरात आणि अर्धपोटी वाढणाऱ्या मुलांना काही आठवडे मोकळी हवा, दूध आणि पोटभर जेवण मिळावे, एवढाच हेतू होता. क्षयरोगाचे भय घरोघर होते, त्यामुळे ही कल्पना युरोपभर झपाट्याने पसरली. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथे डॉक्टर स्तानिस्वाव मार्किएविच यांच्या पुढाकाराने १८८२ मध्ये अशा वसाहतींसाठी संस्था निघाली. देणगीदारांच्या पैशांवर ती चाले. शहराबाहेरच्या रानात जागा घेतलेल्या असत. मुलांच्या तुकड्या तेथे सुमारे महिनाभर राहत आणि त्यांच्यावर देखरेख करायला बहुधा तरुण मंडळी जात. ज्यू मुलांच्या वसाहती वेगळ्या, ख्रिस्ती पोलिश मुलांच्या वेगळ्या.

१९०४ च्या उन्हाळ्यात मिहावूफ्का येथील ज्यू मुलग्यांच्या वसाहतीत हेन्रिक गोल्डश्मिट नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी पर्यवेक्षक म्हणून दाखल झाला. यानुश कोर्चाक हे त्याचे लेखनाचे नाव. वय पंचविशीच्या आसपास. बड्या घरांतील मुलांच्या शिकवण्या करून त्याने घराला हातभार लावला होता, वस्त्यांतील मुलांविषयी एक कादंबरीही लिहिली होती, बालमानसशास्त्रावरचे पुष्कळ वाचले होते. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर अर्ज उत्तम होता. वाट्याला आली सुमारे तीस मुले.

या अनुभवाची कोर्चाकांनी दोनदा नोंद केली आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला खरे कुतूहल वाटावे ते येथे. पहिली नोंद १९१० च्या सुमारास पुस्तकरूपाने आली. तिचे नाव 'मोश्की, योस्की आणि स्रुले'. ही सगळी ज्यू मुलांची घरगुती नावे. मोशे, योसेफ आणि इस्राएल यांची ही रूपे पोलिश रस्त्यावर हेटाळणीने उच्चारली जात. लेखकाने तीच उचलून मुखपृष्ठावर ठेवली. पाठोपाठ 'युझ्की, यास्की आणि फ्रान्की' हे दुसरे पुस्तक आले, विल्हेल्मूफ्का येथील पोलिश ख्रिस्ती मुलांच्या वसाहतीवरचे. दोन्ही शेजारी ठेवली की न बोललेला मुद्दा आपोआप बोलतो. रान तेच, आगगाडी तीच, घरच्या आठवणीने येणारे रडूही तेच. बदलली ती फक्त नावे. पुस्तके मुलांसाठी आहेत. सूर हलका आणि मिस्कील आहे. पर्यवेक्षक त्यांत आहे, पण कडेला उभा. पान मुलांनी भरलेले आहे.

दुसरी नोंद याच्या अगदी उलट. पहिल्या महायुद्धात कोर्चाक रशियन सैन्यात डॉक्टर होते. आघाडीवरच्या रुग्णालयात, जखमींच्या मलमपट्ट्यांतून सवड काढून त्यांनी 'मुलावर प्रेम कसे करावे' हा ग्रंथ लिहिला. १९२० पर्यंत त्याचे चारही भाग प्रसिद्ध झाले. त्यातला एक संपूर्ण भाग उन्हाळी वसाहतींवर आहे. येथे मुले कडेला सरकतात आणि पानाच्या मधोमध आरोपीसारखा उभा राहतो तो पर्यवेक्षक.

हा आरोपी काय सांगतो? आपण मनसुब्यांनी श्रीमंत आणि अनुभवाने कफल्लक होतो, असे. वसाहतीला जाण्यापूर्वी त्याने तयारी केली होती ती खेळांची, कंदिलांची, शोभेच्या दारूची; मुलांना रमवण्याची. कोण कोणत्या खाटेवर झोपणार, जेवताना कोण कोणाशेजारी बसणार, कपडे आणि जोडे यांचे काय, या प्रश्नांचा विचारच त्याने केला नव्हता. मुलांना मात्र पहिल्या तासापासून नेमके हेच प्रश्न होते. तीस मुलांची तीस नावे त्याला येत नव्हती, आणि ज्याचे नाव येत नाही त्याला हाक कशी मारणार? हाक न मारता शांत कसे करणार? मग आवाज चढतो. एकट्या मुलाला शिकवणाऱ्याने समूह पाहिलेलाच नसतो. समूहाला स्वतःचे मन असते, आणि ते मन नव्या माणसाची परीक्षा घेते.

ती परीक्षा झाली रात्री, झोपण्याच्या दालनात. दिवे मालवल्यावर कोणीतरी शीळ घातली. दुसऱ्या कोपऱ्यातून कोंबडा आरवला, तिसऱ्यातून कुत्रे भुंकले. पर्यवेक्षकाने विनंती करून पाहिली, दटावून पाहिले. आवाज वाढतच गेले. शेवटी त्याने एकाला पकडले, त्याचा कान जोराने पिळला आणि धमकी दिली, की गप्प बसला नाहीस तर बाहेर ओसरीवर काढीन, तेथे चावरे कुत्रे मोकळे सोडलेले आहे.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात प्रथम काही खुपत नाही, हे कबूल करायला हवे. आपल्या भाषेत शिक्षण कानावाटेच आत जाते. कानमंत्र द्यायचा, कानउघाडणी करायची, कानपिचक्या द्यायच्या आणि काहीच जमले नाही तर कान उपटायचा. मास्तरांनी पिळलेल्या कानाच्या आठवणी आपल्या आत्मचरित्रांत कृतज्ञतेने सांगितल्या जातात. कान ज्याचा त्याची बाजू आपण ऐकली आहे, तीही तो मोठा होऊन स्वतः मास्तर झाल्यावर. पिळणाऱ्या हाताची बाजू, आणि तीही पश्चात्तापाची, क्वचितच.

कोर्चाक ती मांडतात. पकडला गेलेला मुलगा काही टोळीचा म्होरक्या नव्हता. म्होरके सापडत नसतात. सापडतो तो कच्चा गडी. त्याने पहिल्यांदाच आणि एकदाच आवाज काढला होता, का काढला हे त्यालाही सांगता येईना. म्हणजे शिक्षा मिळाली ती सर्वांत कमी दोषी असलेल्याला. ती शिक्षाही कोणी दिली? ज्याने शिक्षणावरचे ग्रंथ वाचले होते, ज्याला गरीब मुलांविषयी कळवळा होता आणि मारकुट्या मास्तरांचा मनापासून तिटकारा होता, त्याने. कळवळा खोटा नव्हता. पण दमलेल्या, घाबरलेल्या आणि अपमानित झालेल्या माणसाच्या हातून तो कान सोडवायला कळवळा पुरला नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. त्याने मुलांची नावे पाठ केली, टिपणे ठेवायला सुरुवात केली. रानात बसून तो मुलांशी बोलू लागला. आपण आजवर मुलांना उद्देशून बोलत होतो, मुलांशी बोलत नव्हतो, हे त्याला तेथे प्रथम उमगले. वसाहतीत भांडणे मिटवायला मुलांचे एक छोटे न्यायालयही भरू लागले. उन्हाळ्याच्या महिन्याभरात खेळासारखी वाटलेली ही गोष्ट त्यांच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर संस्था ठरली.

१९१२ मध्ये वॉर्सातील क्रोह्माल्ना रस्त्यावर, ९२ क्रमांकाच्या घरात, ज्यू मुलांचे अनाथालय उघडले. तेथील न्यायालयाची संहिता कोर्चाकांनी त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात दिली आहे. न्यायाधीश पाच, सगळी मुले. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही त्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. संहितेची पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची किंवा खटला सोडून देण्याची. त्यानंतर कलम १०० येते, आणि मग शंभराच्या टप्प्यांनी १००० पर्यंत. शंभरावे कलम फक्त एवढेच म्हणते, की आरोप खरा आहे. हजारावे संस्थेतून काढण्याचे. मोठ्यांच्या न्यायशास्त्रात क्षमा शेवटी, राजाच्या किंवा राष्ट्रपतींच्या दारी, असते. येथे ती उंबरठ्यावरच आहे. ही संस्था सुरळीत चालली असेही नाही. मुलांनी तिची टवाळी केली, तिचा दुरुपयोग केला. काही आठवडे ती बंद ठेवावी लागली आणि दुरुस्त्या करून पुन्हा सुरू झाली. कोर्चाकांनी हे अपयशही नोंदवून ठेवले.

या न्यायालयासमोर मुले शिक्षकांनाही उभे करू शकत. अर्ध्या वर्षात कोर्चाकांनी पाच वेळा स्वतःवरच खटला दाखल केला. एकदा मुलाला झोपण्याच्या दालनाबाहेर काढले म्हणून, एकदा कोपऱ्यात उभे केले म्हणून, एकदा न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. आणि एकदा एका मुलाच्या कानाला हात लावला म्हणून.

म्हणजे कान पुन्हा आलाच होता. मिहावूफ्कातल्या पश्चात्तापाने हात कायमचा आवरला गेला नव्हता. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक तपशील हाच. पण दोन कानांच्या मध्ये एक फरक पडला होता. पहिल्या वेळी त्या मुलाला दाद मागायला जागाच नव्हती. दुसऱ्या वेळी होती. या खटल्यांबद्दल कोर्चाकांनी काढलेला निष्कर्ष असा, की आपण त्यामुळे घटनेने बांधलेले शिक्षक झालो. असा शिक्षक मुलांवर अन्याय करत नाही तो प्रेमापोटी नव्हे. शिक्षकाच्या मनमानीपासून मुलांचे रक्षण करणारी व्यवस्था तेथे उभी आहे, म्हणून. 'मुलावर प्रेम कसे करावे' असे नाव असलेल्या ग्रंथात हे विधान यावे, यात मोठा उपरोध आहे आणि मोठे शहाणपणही.

या वसाहतीची आणखी एक खूण अनाथालयात राहिली. १९२० च्या दशकापासून तेथे तरुण शिकाऊ शिक्षकांचे वसतिगृह असे. राहण्या-जेवण्याच्या बदल्यात ही मंडळी रोज काही तास मुलांबरोबर काम करीत आणि रात्री आपापल्या वहीत दिवसभराच्या अडचणी लिहीत. विल्चिन्स्का त्या वाचून समासात उत्तरे लिहीत असत. १९०४ च्या पर्यवेक्षकाजवळ तीस मुले होती, पण अशी वही नव्हती आणि समासही नव्हता.

आता पुन्हा १९४२ कडे. इतके वाचल्यावर ती अखेरची वाटचाल लहान होते असे नाही. तिचा अर्थ मात्र बदलतो. घेट्टोबाहेर निघून जाण्याच्या संधी कोर्चाकांना परिचितांनी देऊ केल्या होत्या आणि त्यांनी त्या नाकारल्या होत्या. आपण याला प्रेमाचा कळस म्हणतो. प्रेम होतेच. परंतु ज्याने तीस वर्षे मुलांना आपल्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क दिला, त्याने त्या दिवशी आपल्यासाठी वेगळा नियम मागितला नाही, असेही म्हणता येईल. हे वाक्य भावनेला कमी आणि न्यायाला अधिक जवळचे आहे. म्हणूनच ते त्यांना अधिक शोभते असे आम्हांला वाटते.

दर मे महिन्यात आपल्याकडे ठिकठिकाणी उन्हाळी शिबिरे भरतात. आमचे काही विद्यार्थी तेथे 'ताई' आणि 'दादा' म्हणून जातात. निघण्यापूर्वी ते गाणी गोळा करतात, खेळ आठवतात, कागदाची फुले करून ठेवतात. ते हौशी असतात, मनाने चांगले असतात, आणि तिसऱ्या रात्री त्यांचा आवाज चढतो. त्यांच्या हाती आम्ही काय द्यावे असे कोणी विचारले, तर 'डाकघर' सोबत असू द्यावेच. पण त्याआधी मुलांच्या नावांची यादी पाठ करून जावे, आणि एक कोरी वही न्यावी. समास थोडा मोठा सोडलेली.