वैयक्तिक विकी व स्थानिक फाइली

वैयक्तिक विकी : एका व्यक्तीने स्वतःच्या टिपणांसाठी ठेवलेला, परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या लहान पानांचा संग्रह. तो बहुधा ब्राउझरमध्ये उघडतो व तेथेच त्यात लेखन, शोध आणि दुरुस्ती करता येते. त्याचा लेखक, वाचक व मालक एकच असतो. अशा टिपणावरून आपल्याच संगणकावरील एखादी फाइल किंवा प्रोग्रॅम थेट उघडता यावा, ही अपेक्षा स्वाभाविक होय. परंतु ती सहजासहजी पुरी होत नाही. त्याची कारणे ब्राउझरच्या इतिहासात आहेत.

गरजेचे स्वरूप उदाहरणाने स्पष्ट होईल. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी या तालुक्याच्या गावी एखादा अभ्यासक तेर, परांडा व धाराशिवची लेणी यांविषयी टिपणे करीत आहे, असे समजू. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे त्याच्या संग्रहात उर्दू व मोडी अशा दोन्ही प्रकारच्या कागदांची छायाचित्रे असणार. शिवाय नकाशे, तक्ते आणि जुन्या लेखांच्या प्रती. टिपणे थोडी, पण मूळ साधने मात्र शेकडो फाइलींत विखुरलेली, अशी ही स्थिती असते. टिपण वाचताना मूळ कागद समोर आला, तरच त्याची पडताळणी होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. यादी रुमालाचा पत्ता देते. रुमाल सोडून कागद काढावा लागतो तो माणसाने. गो. स. सरदेसाई यांनी या दफ्तरातील निवडक कागद १९३०–३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्यामागे रुमालांची किती सोडबांध झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. वैयक्तिक विकीकडून अपेक्षा अशी, की यादीनेच रुमाल सोडावा.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकन अभियंता व्हॅनीव्हार बुश याने जुलै १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात ‘मेमेक्स’ या यंत्राचे कल्पनाचित्र रेखाटले. टेबलाच्या आकाराच्या या यंत्रात व्यक्तीची पुस्तके, पत्रे व टिपणे सूक्ष्मपटावर साठवलेली असावयाची आणि एका कागदावरून संबंधित दुसऱ्या कागदाकडे जाणारी वाट तिने स्वतः आखून ठेवावयाची. यंत्र प्रत्यक्षात आले नाही. मात्र टिपण आणि साधन एकाच टेबलावर असावे, हा विचार टिकला. डग्लस एंगेलबार्ट याने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे दुव्यांनी जोडलेल्या मजकुराचे प्रात्यक्षिक केले. ॲपल कंपनीच्या ‘हायपरकार्ड’मध्ये (१९८७) पत्त्यावरील बटण दाबून दुसरा प्रोग्रॅम सुरू करण्याची आज्ञा भाषेतच होती. टिम बर्नर्स-ली याचा पहिला ब्राउझर (१९९०) वाचनाबरोबर लेखनाचेही साधन होता आणि त्यातून आपल्या तबकडीवरील पाने दुरुस्त करता येत. १९९४ मध्ये पत्त्यांची जी मानके ठरली, त्यांत दूरच्या संगणकावरील पानाबरोबर स्थानिक फाइलीच्या पत्त्यालाही स्थान होते. प्रारंभी म्हणजे घर व गाव यांत भिंत नव्हती.

भिंत उभी राहिली ती पानांमध्ये आज्ञावली आल्यामुळे. १९९५ नंतर पान हे केवळ वाचावयाचे राहिले नाही. ते वाचकाच्या संगणकावर कामेही करू लागले. अनोळखी पानाने वाचकाच्या फाइली वाचू नयेत, म्हणून एका स्थळाच्या पानाला दुसऱ्या स्थळाच्या सामग्रीस हात लावण्यास ब्राउझरनी बंदी केली. मायक्रोसॉफ्टने मात्र १९९६ मध्ये ‘ॲक्टिव्हएक्स’द्वारे पानांना संगणकातील घटक वापरण्याची मुभा दिली, ‘इंटरनेट एक्सप्लोअरर ५’मध्ये (१९९९) तर पानालाच प्रोग्रॅमचे सर्व अधिकार देणारा ‘एचटीए’ हा फाइलप्रकार आला. मे २००० मध्ये ई-पत्रांतून जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या उपद्रवी आज्ञावलीने फाइली नष्ट करण्यासाठी जे घटक वापरले, त्यांच्याच साहाय्याने सज्जन पानेही फाइल जतन करीत वा प्रोग्रॅम सुरू करीत. साधन एकच, हेतू भिन्न. आणि हेतू ओळखण्याचा मार्ग ब्राउझरपाशी नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये ‘विंडोज एक्सपी’च्या दुसऱ्या सुधारणासंचाने तबकडीवरून उघडलेल्या पानांतील आज्ञावलीही वापरणाऱ्याने संमती देईपर्यंत रोखून धरण्यास सुरुवात केली.

यानंतर महिनाभरातच, सप्टेंबर २००४ मध्ये, जेरेमी रस्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने ‘टिडलीविकी’ प्रसिद्ध केली. वॉर्ड कनिंगहॅम याने १९९५ मध्ये निर्माण केलेली पहिली विकी सेवासंगणकावर चालत असे व ती कोणालाही लिहिण्यास खुली होती. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. रस्टनची विकी याच्या उलट, एकाच फाइलीत सामावलेली होती. मजकूर, शोध व संपादनाची आज्ञावली असे सर्व तिच्यात असल्याने सेवासंगणक लागत नसे आणि आंतरजालाचीही गरज नसे. वीज व जोडणी यांचा भरवसा नसलेल्या गावी हा गुण लहान नव्हे. तथापि अशी विकी ब्राउझरच्या दृष्टीने पानच असल्यामुळे स्वतःलाच जतन करण्यासही तिला खास परवानगी लागे. इंटरनेट एक्सप्लोअररमध्ये वरील घटक, फायरफॉक्समध्ये वापरणाऱ्यास विचारून मिळणारे विशेषाधिकार आणि इतरत्र जावा भाषेतील जोडप्रोग्रॅम असे तीन मार्ग त्यासाठी काढण्यात आले. जतन करण्याचा अधिकार मिळाला, की त्याच अधिकाराने प्रोग्रॅम सुरू करता येत असे. उत्साही वापरकर्त्यांनी तशी बटणे तयार केली. फायरफॉक्समधील परवानगी एकट्या विकीपुरती न राहता तबकडीवरून उघडल्या जाणाऱ्या सर्वच पानांना लागू होत असे, हा तिचा मोठा दोष. काहींनी फाइलीचा प्रकार बदलून विकीचे ‘एचटीए’त रूपांतर केले. यात सर्व साधत असे. मात्र उपद्रवी आज्ञावलीही पुढे याच प्रकाराचा आश्रय घेऊ लागल्या.

२०१२ च्या सुमारास फायरफॉक्सने पानांचे विशेषाधिकार काढून घेतले. रस्टनने त्यावर ‘टिडलीफॉक्स’ हा जोडप्रोग्रॅम केला. पण १४ नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे सर्व जोडप्रोग्रॅम बंद झाले आणि तोही मार्ग खुंटला. आज स्थानिक पानावरील दुव्याने छायाचित्र वा पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडते. ब्राउझरला न उमजणाऱ्या फाइलीची प्रत उतरवून घेतली जाते, मूळ फाइल तिच्या प्रोग्रॅममध्ये उघडत नाही. प्रोग्रॅमकडे नेणाऱ्या दुव्याने प्रोग्रॅम सुरू होत नाही. आंतरजालावरून आलेल्या पानातील स्थानिक दुवा तर मुळीच चालत नाही.

मराठी अभ्यासकाला याची झळ अधिक लागते. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठी पुस्तके, मासिके व स्मरणिका मोठ्या प्रमाणावर ‘पेजमेकर’मध्ये आणि ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ यांसारख्या संचांच्या स्वतंत्र संकेतांत जुळवल्या गेल्या. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच स्थान मिळाले असले, तरी छापखान्यांत ते रुळावयास बराच काळ लागला. या फाइली ब्राउझरला वाचता येत नाहीत. त्या त्या प्रोग्रॅमशिवाय व अक्षरसंचाशिवाय त्यांतील मजकूर म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग होय. रूपांतराची साधने आहेत. पण जोडाक्षरे व रफार यांत चुका राहत असल्याने मूळ प्रत पाहावीच लागते. म्हणून अशा संग्रहात दुव्याने प्रोग्रॅम सुरू होणे ही चैन नाही. मजकूर हाताशी राहणे त्यावर अवलंबून असते. फाइलींच्या मराठी नावांचीही एक अडचण आहे. पत्त्यात देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा व प्रत्येक बाइट तीन चिन्हांचा होतो. त्यामुळे ‘वाशी’ हे दोन अक्षरांचे नाव सांकेतिक पत्त्यात ३६ चिन्हे व्यापते. लांब नावांच्या घड्यांतून गेलेला पत्ता डोळ्यांनी तपासणे अशक्यप्राय होते. पुष्कळ जण यामुळे फाइलींना रोमन नावे देतात; ही तडजोड समजण्यासारखी असली तरी खेदजनक आहे.

सध्या तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, पत्त्याचा स्वतःचा प्रकार संगणकात नोंदवून त्यामागे एक छोटा प्रोग्रॅम ठेवणे. ई-पत्राच्या दुव्यावर टिचकी मारली, की पत्राचा प्रोग्रॅम उघडतो, त्यामागील तत्त्व हेच. मात्र हा पत्ता कोणतेही परके पानही वापरू शकत असल्याने ब्राउझर संमती विचारतो. या प्रोग्रॅमने ठरावीक एकाच घडीतील फाइली उघडाव्यात व मिळालेली आज्ञा जशीच्या तशी चालवू नये, ही दक्षता न घेतल्यास सोयीचे संकट होते. दुसरा उपाय म्हणजे आपल्याच संगणकावर लहानसा सेवाप्रोग्रॅम चालू ठेवून पानाने त्याच्याशी बोलणे. भारतात वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर अंकीय स्वाक्षरी करताना याच पद्धतीचा प्रोग्रॅम आधी बसवावा लागतो. वाशीच्या करसल्लागारालाही तो परिचित आहे. जुलै २०१९ मध्ये ‘झूम’ या बैठकसेवेने मॅक संगणकांवर गुपचूप बसवलेला सेवाप्रोग्रॅम उघडकीस आला. त्याच्यामुळे कोणत्याही संकेतस्थळास वापरणाऱ्याला परस्पर बैठकीत सामील करून त्याचा कॅमेरा सुरू करणे शक्य होत असे. अखेर ॲपलने तो सुधारणेद्वारे काढून टाकला.

तिसऱ्या उपायात ब्राउझर सोडलाच जातो. ‘टिडलीडेस्कटॉप’ किंवा २०२० मधील ‘ऑब्सिडियन’ यांत पान दाखविणारे यंत्र ब्राउझरचेच, पण अधिकार स्वतंत्र प्रोग्रॅमचे असतात; त्यामुळे टिपणातील दुव्याने मूळ फाइल तिच्याच प्रोग्रॅममध्ये उघडते. मात्र एकाच फाइलीतील विकी कोणाच्याही संगणकावर, काहीही न बसवता उघडत असे. ते वैशिष्ट्य येथे उरत नाही. क्रोम ब्राउझरने ऑक्टोबर २०२० पासून पानांना वापरणाऱ्याने निवडलेल्या फाइली वाचण्याची व त्यांत लिहिण्याची मुभा दिली आहे. परंतु त्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करण्याची मुभा तीत नाही.