हिंगोलीची छावणी आणि एका ठगाची जबानी

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 मध्ये लंडनच्या रिचर्ड बेंटले या प्रकाशकाने तीन खंडांत काढली. गुन्हेगारानेच आपल्या गुन्ह्यांची हकिगत सांगायची आणि वाचकाने श्वास रोखून ती ऐकायची, अशी ही थरारकथा. एडगर अ‍ॅलन पोची पहिली गुप्तहेरकथा यायला तेव्हा अजून दोन वर्षे होती. कादंबरीचा लेखक फिलिप मेडोज टेलर निजामाच्या फौजेत अधिकारी होता आणि तिची सामग्री बरीचशी हिंगोलीच्या छावणीत गोळा झाली.

हिंगोली निजामाच्या मुलखात उत्तरेकडे, वऱ्हाडला लागून. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली निजामाची फौज राही. तिलाच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे त्या काळाची खूण म्हणून शहरात आजही चालतात. छावणी म्हटली की बाजार आला. कापडवाले, सराफ, धान्याचे व्यापारी, बैलांवर माल लादून येणारे तांडे यांची तिथे सतत ये-जा असे. वाटेत प्रवाशांशी ओळख काढून त्यांचा गळा आवळणाऱ्या ठगांना हवा असलेला परका, पैसेवाला, चार दिवस दिसला नाही तरी कुणी चौकशी करणार नाही असा वाटसरू या वर्दळीत सहज सापडे.

या बाजारात हरिसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. चांगला प्रतिष्ठित, खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला. त्याने एकदा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. त्याला तो मिळालाही. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी मुंबईहून तसाच माल घेऊन निघाला आहे, हे हरिसिंगला आधीच ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेतच संपवले, माल सरकारी परवान्यावर छावणीत आणला आणि उघड्यावर विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले नसते, तर ते कधीच बाहेर आले नसते.

हा प्रसंग टेलरने कादंबरीच्या प्रस्तावनेतच दिला आहे. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली, असेही तो नोंदवतो. ती जागा म्हणजे नदीला मिळणारा एक कोरडा ओढा, शेजारच्या गावाला जाणाऱ्या रस्त्याला लागून. माफीचे साक्षीदार शांतपणे एकेक जागा दाखवत गेले. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघू लागली, तेव्हा पाहणाऱ्यांना शिसारी आली आणि पुढचे खणणे थांबवावे लागले. टेलर तिथे हजर होता.

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने सागर-जबलपूरकडे धरलेल्या ठगांनी 1830 च्या सुमारास दख्खनमधल्या साथीदारांची नावे सांगितली. त्यांतले पुष्कळजण हिंगोलीच्या आसपास राहणारे निघाले. जबान्या घेण्याच्या कामासाठी टेलर आपणहून पुढे आला. याआधी तुळजापूरकडे पोलिसांचे काम करताना त्याला अशा खुनांचा संशय आला होता, पण छडा लागण्याआधीच त्याला पलटणीत परत जावे लागले. ती रुखरुख त्याने आत्मकथेत बोलून दाखवली आहे. हिंगोलीत तो दिवसेंदिवस खुनांच्या हकिगती लिहून घेत होता. या लेखकाची उमेदवारी झाली ती इथे, कारकुनी कामात.

ठगांवरचा त्याचा लेख विलायतेत बुल्वर लिटन या नामांकित कादंबरीकाराच्या हाती पडला. हिंदुस्थानची माहिती आपल्याला असती तर यावर आपण कादंबरी लिहिली असती, टेलरनेच ती का लिहू नये, असे लिटनने सुचवले. त्यातून हे पुस्तक आले. छापले जात असताना त्याची पाने व्हिक्टोरिया राणीने मागवून घेतली, असे टेलर सांगतो.

लेखक म्हणून टेलरची खरी करामत निवेदनात आहे. आपला हात 719 खुनांत होता असे सांगणारा कादंबरीतला ठग अमीर अली तुरुंगात बसून साहेबाला हकिगत सांगतो. साहेब मधूनच एखादा प्रश्न विचारतो. कोण मरणार हे वाचकाला ठाऊक असते, सोबत चालणाऱ्या प्रवाशाला नसते. सोथा गोड बोलून ओळख काढतो, लुघा खड्डा तयार ठेवतो, भुट्टोट रुमाल घेऊन मागे बसतो आणि तंबाखू आणण्याची साधी हाक हाच खुणेचा शब्द ठरतो. रक्ताची वर्णने फारशी न करता रोजच्या बोलण्यातूनच भीती उभी राहते. अमीर अली अजाणता स्वतःच्या बहिणीचाही जीव घेतो, तेव्हा सांगणाऱ्याच्या आवाजातली बढाई प्रथमच तुटते. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे वाचकाचे लाडके नायक. टेलरने वाचकाला थेट मारेकऱ्याच्या शेजारी बसवले.

ही सामग्री मात्र निर्मळ नव्हती. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जबानीवर अवलंबून असे. जितकी नावे द्यावीत तितका तो उपयोगी. ठगी हा सबंध देशभर पसरलेला एकच धर्मपंथ होता, हे चित्र अशा जबान्यांतून आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या कल्पनेतून फुगले, असे राधिका सिंघा आणि किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. खून खोटे नव्हते. त्यांच्यावर रचलेला सिद्धान्त संशयास्पद होता. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. तीच विचारसरणी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली आणि त्यात कितीतरी निरपराध जमाती 1952 पर्यंत भरडल्या गेल्या. टेलरची कादंबरी वाचताना हा हिशेब बाजूला ठेवणे अन्यायाचे ठरेल.

टेलरने पुढे सुरापूर, नळदुर्ग या भागांत कारभार पाहिला, तुळजापूर आणि अफजलखानाच्या प्रसंगावर ‘तारा’ (1863) लिहिली आणि 1876 मध्ये फ्रान्समधल्या मेंटन इथे त्याचे निधन झाले. हैदराबाद कंटिन्जंट 1903 मध्ये हिंदी लष्करात विलीन झाली. हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली.